घरी ओतलेल्या रिव्हॉल्व्हर बुलेटवर गॅस चेक तिरका बसतो, सुटतो, नळीत शिसं धरतं: कुठून बघायला लागायचं

ओहायोत गॅरेजमध्ये स्वतःच्या ३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हरसाठी बुलेट ओतायला लागून मला बरीच वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत रेंजवरच्या मंडळींच्या आणि माझ्या स्वतःच्या मिळून हा एकच दोष मी इतक्यांदा काढलाय की आता सगळं एका जागी लिहून ठेवतो. दर वेळी माणूस हातात गॅस चेकचा, म्हणजे बुलेटच्या बुडावर चढवायच्या तांब्याच्या छोट्या वाट्यांचा, डबा घेऊन येतो आणि म्हणतो हा डबाच खराब निघालाय. डबा खराब निघाल्याचं मला फार क्वचित दिसलंय. खराब असतं ते बुलेटचं बूड.

आधी लक्षणं बघा. सगळी एकदम दिसत नाहीत, एखाददुसरं दिसतं आणि बाकीची मागून येतात.

चेक अंगठ्याने दाबला तर एका बाजूने चढतो, दुसऱ्या बाजूने राहतो.
किंवा उलटं, इतका सैल की बुलेट आडवी केली की टपकन खाली.
साइझ केल्यावर, म्हणजे बुलेट डायच्या भोकातून दाबून ठरावीक व्यासाची केल्यावर, बसल्यासारखा वाटतो, पण उजेडासमोर धरला की काठाजवळ एका बाजूला केसाएवढी फट दिसते, नखाने फिरवला तर फिरतो.
चेकच्या वरच्या काठाला शिशाची बारीक कड निघालेली असते, सुतारकामातल्या भुश्शासारखी.
रेंजवर बेंचच्या पुढे पाचदहा यार्डांवर तांब्याच्या वाट्या पडलेल्या सापडतात, नाहीतर टार्गेटवर बुलेटच्या भोकाशेजारी एक लहानसं वेगळं भोक.
नळीत फोर्सिंग कोनच्या, म्हणजे सिलिंडरकडच्या निमुळत्या तोंडाच्या, लगेच पुढे शिसं धरतं, आणि पहिल्या सहा गोळ्या मुठीएवढ्या जागेत गेलेल्या असतात पण तिसऱ्यांदा सिलिंडर (गोळ्या भरायचं फिरतं नळकांडं) भरला की तसल्याच गोळ्या ताटाएवढ्या पसरतात.

यात एक लक्षण असं आहे की ते दिसलं तर पुढचं काहीही वाचत बसू नका. बार नेहमीपेक्षा हलका वाजला, नुसता फुस्स झाला, किंवा हाताला धक्का कमी लागला तर ट्रिगरवरचं बोट काढा, नळी टार्गेटकडेच धरून अर्धा मिनिट थांबा, मग सिलिंडर उघडून सगळी काडतुसं बाहेर काढा आणि नळी आरपार मोकळी आहे का ते रॉड घालून बघा. बुलेट अडकलेली असू शकते, आणि सुटलेला चेक मागे नळीतच राहिलेला असू शकतो, त्याच्यावर दुसरी गोळी गेली की नळी फुगते नाहीतर फाटते. बुलेट अडकली असेल तर सरळ गनस्मिथकडे जा, घरी ठोकाठोकी नको.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो कारण मराठी मंडळींत हा प्रश्न येतोच. इथे अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी बुलेट ओतायला आणि काडतुसं भरायला फेडरल लायसन्स लागत नाही, विकायची म्हटली की लागतं. पण एच-वन बी किंवा तसल्या नॉनइमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याप्रमाणे बंदूक आणि काडतूस दोन्ही जवळ बाळगायला बंदी आहे, शिकारीच्या लायसन्ससारखे थोडे अपवाद आहेत, ते वकिलाला विचारल्याशिवाय गृहीत धरू नका. आणि भारतात १९५९च्या शस्त्र कायद्याखाली लायसन्सशिवाय काडतुसं बनवणं हा गुन्हाच आहे, त्यामुळे तिकडच्या कुणी हे वाचून करून बघायचं नाही.

आता गॅस चेक म्हणजे काय ते दोन वाक्यांत. तांब्याची, खरं तर तांब्यात थोडं जस्त असलेल्या गिल्डिंग मेटलची, एक छोटी वाटी. ती बुलेटच्या बुडावर टोपीसारखी चढवायची. बुलेटच्या बुडाला त्यासाठी एक पायरी असते, तिथला व्यास बाकीच्या अंगापेक्षा कमी असतो, त्याला शँक म्हणतात. साइझिंग डायमधून दाबलं की वाटीच्या भिंती शँकवर घट्ट बसतात. मागून येणारा गरम वायू मग शिशाच्या कडेला शिवत नाही, कड वितळून झिजत नाही आणि नळीत शिसं धरायचं कमी होतं. म्हणजे वाटी आणि शँक यांचं माप जुळलं, बूड सपाट असलं आणि दाब सरळ पडला तर चेक सुटायला फारशी कारणं उरत नाहीत. पुढे जे बघायचंय ते बहुतेक या तीन गोष्टींतच येतं.

पहिल्यांदा नुसतं डोळ्यांनी बघायचं, पैसा लागत नाही. मोल्ड, म्हणजे बुलेटचा साचा, गॅस चेकवाला आहे ना? हसण्यासारखा प्रश्न नाही हा. लायमन कंपनीचा ३५८१५६ नंबरचा मोल्ड हे रे थॉम्पसन नावाच्या माणसाचं डिझाइन, ते गॅस चेकचं. आणि शेजारीच ठेवलेला ३५८४२९ हा बंदुकांवर लिहिणाऱ्या एल्मर कीथचा, त्याचं बूड सपाट, शँक नाही. वापरलेले मोल्ड घेताना लोक नंबर नीट वाचत नाहीत. ली कंपनीच्या मोल्डला नंबराआधी सी हे अक्षर असेल तर तो चेकवाला. मग डब्यावरचा कॅलिबर बघा, ३८ स्पेशल आणि ३५७ मॅग्नम या दोन्ही काडतुसांना ३५ कॅलिबरचाच चेक लागतो, ३८ हे नुसतं नाव आहे, बुलेटचा व्यास ०.३५८ इंचाच्या आसपास असतो. त्यानंतर वाटी उलटी करून आत बघा, कधीकधी दोन वाट्या एकात एक घुसलेल्या असतात आणि ती जोडी काही केल्या चढत नाही, मग लोक ठोकून बसवतात आणि बूड वाकडं करून ठेवतात. गन शोमधून जुना डबा आणला असेल तर अजून एक शंका घ्या, पूर्वी नुसते सरकवून बसवायचे चेक मिळायचे, त्यांचा काठ शँकला धरून ठेवायच्या बेताचा नसायचा. ते सुटतात, तुमची चूक नाही, ते बाजूला ठेवून आजचे क्रिंप होणारे, म्हणजे काठ आवळून शँकला धरणारे, चेक घ्या.

हे सगळं ठीक असेल तर बुडाकडे या, आणि इथे वेळ काढा. माझ्या मते दहातले सात दोष इथेच सापडतात.

माझ्या मामाचं काम कोल्हापूरला उद्यमनगरात फौंड्रीत होतं, शाळेच्या सुट्टीत मी तिथे बसून असायचो. मामा कास्टिंग हातात घेतलं की आधी साचा जिथे जुळतो ती रेघ बघायचा, पापुद्रा निघालाय का ते बोटाने चाचपायचा. बुलेटचंही अगदी तसंच आहे. बुलेटचं बूड मोल्डमध्ये वरच्या बाजूला असतं, म्हणजे स्प्रू प्लेट (ओतल्यावर वर उरलेलं शिसं, म्हणजे स्प्रू, कापणारी पट्टी) आणि मोल्डचे ब्लॉक जिथे भेटतात तिथे. प्लेट आणि ब्लॉकमध्ये कागदाएवढी फट असली तरी शिसं त्यात घुसतं आणि शँकच्या काठाभोवती पातळ झालर तयार होते. चेकची वाटी त्या झालरीवर अडकते, तुम्हाला वाटतं शँक मोठा झालाय. नखाने बुडाचा काठ चाचपा. टोचलं तर झालर आहे.

झालर का येते? एक, स्प्रू प्लेटचा स्क्रू सैल झालेला असतो. प्लेट आपल्या वजनाने हलली पाहिजे पण लडबडायला नको, एवढाच कस ठेवायचा, जास्त आवळली तर हवा निघायला जागा उरत नाही आणि बूड भरत नाही. दोन, घाईत स्प्रू कापल्यामुळे अजून न थिजलेलं शिसं प्लेटखाली पुसलं गेलेलं असतं आणि तो थर मोल्डच्या माथ्यावर चिकटून बसतो. मोल्ड गरम असतानाच बांबूची नाहीतर लाकडाची काडी मेणात बुडवून त्या थरावर घासली की निघतो. स्क्रू ड्रायव्हर किंवा सुरी लावू नका, ॲल्युमिनियमच्या मोल्डला एकदा ओरखडा पडला की तो कायमचा. तीन, मोल्डचे दोन अर्धे नीट मिटत नाहीत, मधे शिशाचा कण असतो. तेव्हा झालर बुडावरच नाही तर अंगावर उभी रेघ बनूनही दिसते.

स्प्रू कधी कापायचा हेही इथेच सांगतो. लवकर कापला तर बुडाच्या मधे खड्डा पडतो, शिसं ओढलं जातं. फार उशिरा कापला तर मधे टेंगूळ राहतं आणि चेक त्या टेंगळावर डोलतो. माझा हिशोब असा की स्प्रूचं डबकं चमकदारवरून मळकट झालं की मनात पाचपर्यंत मोजायचं आणि मग कापायचं. कापल्यावर पाच बुलेट सपाट काचेवर बुडावर उभ्या करा आणि काच किंचित वाकडी करा. हलली तर बूड सपाट नाही. ती बुलेट परत भांड्यात टाका. चेक लावून असलं बूड सुधारता येईल असं समजू नका, चेक बुडाचा आकार दुरुस्त करत नाही, उलट तिरकं बूड तिरकंच पक्कं करतो, आणि नळीच्या तोंडातून बाहेर पडताना वायू आधी त्या एका बाजूने सुटतो आणि बुलेट ढकलली जाते. गोळ्या पसरायचं एवढं साधं कारण असतं पुष्कळदा.

बूड चांगलं आहे तरी चेक तिरका? मग हाताची पद्धत बघा, यालाही खर्च नाही. तुमच्याकडे लायमन किंवा आरसीबीएस कंपनीचा लुब्रिसायझर, म्हणजे बुलेटला लुब्रिकंट लावून साइझ करायचं यंत्र, असेल तर त्यात बुलेट बुडाकडून आत जाते आणि वरून टॉप पंच नाकावर दाबतो. टॉप पंच नाकाच्या आकाराचा नसला, म्हणजे गोल नाकाचा पंच सपाट टोकाच्या सेमी-वॅडकटर बुलेटवर वापरला, तर दाब एका बाजूला पडतो, बुलेट कलंडते आणि चेक वाकडा बसतो. योग्य पंच मिळेपर्यंत एक जुगाड चालतो, पंचच्या खळगीत थोडी गरम ग्लू भरून त्यात तेल लावलेलं नाक दाबून ठेवायचं, साचा तयार होतो. लीचा पुश-थ्रू डाय असेल तर तिथे नाक आधी आत जातं आणि सपाट पंच बुडावर, म्हणजे चेकवरच दाबतो, त्यामुळे चेक आपोआप सरळ व्हायला मदत होते. नवीन माणसाला मी चेकसाठी हाच सांगतो. दोन्हीकडे एक सवय लावून घ्या, चेक आधी हाताने सरळ बसवायचा, मग दांडा पूर्ण खाली आणून तिथे दोन सेकंद थांबायचं. लुब्रिसायझरवर शंका असेल तर बुलेट अर्धा फेरा फिरवून परत एकदा दाबा.

आणि आज ओतलेल्या बुलेटना चेक आजच लावा, फार तर उद्या. विशेषतः पाण्यात टाकून थंड करत असाल तर. गाडीच्या चाकाचा तोल साधायला लावतात त्या वजनांच्या शिशात अँटिमनी असते, ती बुलेट पाण्यात विझवली की पुढचे काही तास आणि दिवस कडक होत जाते. कडक झालेल्या बुलेटवर चेक चढवणं आणि साइझ करणं दोन्ही जड जातं, ज्यात जोर लागतो तिथे कलंडणं आलंच. (पाण्याची बादली आणि शिशाचं भांडं यांच्यात हातभर नाही, चांगलं अंतर ठेवा. वितळलेल्या शिशाच्या खाली पाण्याचा एक थेंब गेला तरी वाफ होऊन सगळं शिसं अंगावर उडतं. माझ्या ओळखीच्या एकाच्या हातावर आजही डाग आहेत.)

इथपर्यंत सगळं नीट आणि तरी जमत नाहीये, तर आता मोजायला लागा. व्हर्नियर नको, मायक्रोमीटर लागेल, कारण आपण थाऊमध्ये, इंचाच्या हजाराव्या भागात बोलतोय आणि साध्या व्हर्नियरचा हात एकदोन थाऊने चुकतो. एकाच मोल्डच्या दहा बुलेट घ्या, प्रत्येकीचा शँक दोन दिशांनी मोजा, एकदा जोडरेघेवर आणि एकदा तिच्या काटकोनात. दोन आकड्यांत फरक फार निघाला तर मोल्ड नीट मिटत नाहीये किंवा शँक गोल नाहीये. सगळे आकडे सारखे आहेत पण चेक जात नाही, तर शँक खरंच मोठा आहे. सगळे सारखे आहेत आणि चेक गळून पडतो, तर लहान आहे. योग्य बसणारा चेक कसा असतो, तर अंगठ्याने दाबल्यावर थोडी कुरकुर करत पण शेवटपर्यंत जातो, आणि बुलेट उलटी केली तरी राहतो.

शँक मोठा असेल तर बहुतेक मिश्रण बघायचं. लिनोटाइप, म्हणजे छापखान्यातल्या खिळ्यांसारखं शिसं, ८४ टक्के शिसं, १२ अँटिमनी, ४ कथील, हे थंड होताना कमी आकसतं आणि बुलेट मोठी निघते. साधी क्लिप असलेली चाकाची वजनं ब्रिनेल या कडकपणाच्या मापात १२ च्या आसपास कडक असतात, लिनोटाइप २२ च्या आसपास, शुद्ध शिसं ५. ३५७ साठी लिनोटाइप इतकं कडक लागत नाही हो. त्यात मऊ शिसं मिसळा, माप खाली येतं आणि पैसेही वाचतात. मिश्रण बदलायचं नसेल तर चेकचं तोंड किंचित उघडता येतं, त्यासाठी निमुळता पंच मिळतो, ओळखीचा टर्नर असेल तर लेथवर करून घ्या, सपाट लाकडावर चेक ठेवून एक हलका ठोका. एकदोन थाऊ पुरे. जास्त उघडला तर तोच चेक पुढे धरत नाही.

शँक लहान असेल तर मात्र घाई करून गोंद लावू नका. पुष्कळ जण बुडाला थेंबभर ग्लू लावून मोकळे होतात. मला ते पटत नाही. ग्लूने चेक डब्यात टिकतो, नळीत टिकेलच असं नाही, आणि जो दोष दिसायला हवा होता तो लपतो. शँक लहान का झाला ते शोधा. सगळ्यात जास्त वेळा कारण असतं थंड मोल्ड. आमच्याकडे जानेवारीत गॅरेज इतकं गार असतं की पहिल्या वीसपंचवीस बुलेट मी बघतही नाही, सरळ परत भांड्यात. थंड मोल्डमध्ये कोपरे गोल राहतात, शँकचा काठ धारदार येत नाही. भांड्यातलं शिसं साधारण ३७० ते ४०० अंश सेल्सिअस ठेवा, शिसं ३२७ ला वितळतं पण तेवढ्यावर ओतून चालत नाही. मोल्डचा कोपरा एक मिनिट शिशात बुडवून गरम करा. आणि मिश्रणात दोन टक्के कथील टाका. लहानपणी कल्हईवाला पातेल्यात कथील टाकून कापडाने पुसायचा आणि ते सगळ्या भांडंभर सरसर पसरायचं, तुम्ही पाहिलं असेल, तोच गुण इथे कामाला येतो, कथिलाने शिसं बारीक कोपऱ्यात पोचतं. लीड-फ्री प्लंबिंग सोल्डर बहुतेक कथीलच असतं, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. दोन टक्क्यांच्या वर टाकून फार फायदा नाही, महाग पडतं.

कोपरे काही केल्या भरत नाहीत, शिसं लापशीसारखं घट्ट वाटतं, वर सारखी मळी येते? जस्त मिसळलंय का बघा. हल्लीची पुष्कळ वजनं जस्ताची नाहीतर लोखंडाची असतात. जस्त वितळतं जवळजवळ ४२० ला, म्हणून वजनं वितळवताना भांडं ३७० च्या वर जाऊ दिलं नाही तर जस्ताची वजनं वर तरंगतात आणि पळीने काढता येतात. एकदा विरघळलं की घरी वेगळं करायच्या भानगडीत पडू नका, ते मिश्रण मासेमारीच्या वजनांना ठेवा.

इथे थांबून शिशाबद्दल. गॅरेजचं दार पूर्ण उघडं, पंख्याने धूर बाहेर, डोळ्यांना चष्मा, चामड्याचे हातमोजे, पायात बंद बूट. ओतताना खाणं, पिणं, सिगरेट काही नाही. वरची मळी काढताना उडणारी धूळ सगळ्यात वाईट, ती झाकणाच्या डब्यात. कपडे वेगळे धुवा आणि लहान मुलांना त्या खोलीत येऊच देऊ नका, सीडीसी या अमेरिकी सरकारी आरोग्य संस्थेने २०२१ मध्ये मुलांच्या रक्तातल्या शिशाचा इशाऱ्याचा आकडा ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरवर आणला, एवढ्या कमीलाही ते लक्ष द्यायला सांगतात. मी दर वर्षी डॉक्टरांकडून रक्तातलं शिसं तपासून घेतो, साधी टेस्ट आहे. तुमचा आकडा वाढलेला आला तर चेकबिक सगळं बाजूला, ओतणं बंद, आणि डॉक्टर सांगतील तसं.

माप बरोबर, बूड बरोबर, तरी साइझ केल्यावर चेक नखाने फिरतो. हा दोष लोकांना सगळ्यात जास्त छळतो आणि उपाय सोपा आहे. तांब्याची वाटी कारखान्यात दाबून काढलेली असते त्यामुळे कडक झालेली असते. डायने ती आत दाबली की दाब सुटल्यावर थोडी परत फुलते. शिसं तितकं फुलत नाही. म्हणजे दोघांत फट पडणार. वाटी मऊ केली तर ती कमी फुलते आणि शँकला धरून बसते. मऊ कशी करायची, तर रिकाम्या पत्र्याच्या डब्यात शेदोनशे चेक घ्या, अंधूक उजेडात प्रोपेन टॉर्चने डबा फिरवत तापवा, मंद लाल दिसलं की झालं, तसंच थंड होऊ द्या. काळपट होतात, बिघडत काही नाही. हे फक्त तांब्याच्या चेकला. ॲल्युमिनियमचे चेक असे तापवू नका, ॲल्युमिनियम लाल न होताच ६६० अंशाला वितळतं, तुम्हाला कळायच्या आत डब्यात गोळा होईल.

त्यानंतर एकदा काडतुसाच्या पितळी पुंगळीचं तोंड बघा. चेकचा काठ धारदार असतो, पुंगळीचं तोंड पुरेसं उघडलेलं नसेल तर बुलेट आत जाताना काठ अडकतो आणि बुलेट तिरकी जाते, शिसंही खरवडलं जातं. काडतूस भरून झाल्यावर एखादी बुलेट परत उपसून बघा, अंगावर ओरखडे किंवा चेकवर दात दिसला तर तोंड अजून एक केसभर उघडा. भरायचं माप, पावडर, लांबी हे सगळं छापील लोडिंग डेटावरूनच, आणि चेकवाल्या बुलेटसाठी दिलेल्याच डेटावरून, मी इथे आकडे देणार नाही.

राहिली बंदूक. रिकामी असल्याची तीनदा खात्री करा आणि सिलिंडर काढून हातात घ्या. साइझ केलेली, काडतुसात न भरलेली बुलेट सिलिंडरच्या पुढच्या बाजूने प्रत्येक गळ्यात, म्हणजे गोळीच्या खणाच्या पुढच्या अरुंद भागात, बोटाने दाबा. सहाही गळ्यांत थोड्या जोराने गेली पाहिजे. आपोआप पडली तर बुलेट लहान, मोठा साइझिंग डाय घ्या. मात्र डाय इतका मोठा नको की चेकला तो स्पर्शच करणार नाही, तो दाबला गेला नाही तर क्रिंपच होत नाही आणि मग सुटण्याच्या तक्रारीकडे आपण परत येतो. आणि बुलेट गळ्यात जातच नसेल तर गळा लहान आहे, तिथे बुलेट चेकसकट पिळवटली जाते, बारीक होऊन नळीत शिरते आणि बाजूने वायू सुटून फोर्सिंग कोनपुढे शिसं धरतं. चेक कितीही छान बसवा, हे थांबत नाही. शिसं कुठे धरतंय यावरून बरंच कळतं, फोर्सिंग कोनजवळ धरत असेल तर माप, नळीच्या तोंडाजवळ धरत असेल तर लुब्रिकंट पुरत नाहीये.

धरलेलं शिसं काढायला जुन्या ब्रशवर शुद्ध तांब्याची घासणी गुंडाळा, आधी लोहचुंबक लावून बघा, चिकटली तर आत लोखंड आहे, ती नळीत घालू नका. आणि व्हिनेगर-पेरॉक्साइडचा प्रयोग अजिबात करू नका, त्याने शिसं विरघळून असा क्षार बनतो की तो सहज अंगात भिनतो.

कुणीतरी विचारेलच म्हणून, चेक लागतोच का? मध्यम वेगाच्या ३८ स्पेशल लोडला माझ्या अनुभवात नाही. गळ्याला बरोबर बसणारी, चांगल्या बुडाची सपाट बुलेट तिथे स्वच्छ चालते, कीथ तर मॅग्नमलाही सपाट बूडच पसंत करायचा. १९३५ साली ३५७ मॅग्नम आली तेव्हाच्या मऊ शिशाच्या फॅक्टरी गोळ्यांनी नळीत शिसं फार धरायचं, त्या वेगाला चेकने मदत होते हे खरं. मी माझ्या पूर्ण ताकदीच्या लोडलाच चेक लावतो, बाकीला नाही.

गनस्मिथकडे केव्हा जायचं: गळे लहान निघाले, सहा गळ्यांत एकदोन वेगळेच लागतायत, नळी फ्रेममध्ये जिथे आवळलेली असते तिथे ब्रश अडकल्यासारखा वाटतो, सिलिंडर आणि नळीच्या फटीतून शेजाऱ्यावर शिशाचे कण उडतायत, किंवा फोर्सिंग कोनवर रेघेसारखा तडा दिसतोय. शेवटच्या दोन गोष्टींत तर त्या दिवसापासून ती बंदूक चालवायची नाही. गळे स्वतः पॉलिश पेपरने मोठे करायला जाऊ नका, एकदा काढलेला धातू परत येत नाही आणि सहा गळे एकसारखे हाताने होत नाहीत, त्याला रीमर आणि मोजायच्या पिना लागतात. जाताना बंदूक रिकामी न्या, सोबत चेक लावलेल्या पाच आणि न लावलेल्या पाच बुलेट, आणि सहा गळ्यांत बुलेट कशी गेली ते एका कागदावर लिहून न्या.